पाण्याखाली कॅमेरा घेऊन : नौदलातल्या डायव्हरच्या आठवणी

खोलपाणी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

नौदलात मी डायव्हर होतो आणि त्यातली बरीच वर्षं टीमचा कॅमेराही माझ्याच गळ्यात असायचा. आता निवृत्त होऊन कोथरूडला असतो. तारकर्लीच्या स्कूबावर इथे चर्चा चालली होती, तिथे मी दोन-चार ओळी लिहिल्या, तर काहींनी वेगळा धागा काढायला सांगितलं. म्हणून हा प्रपंच.

एक गोष्ट आधीच सांगतो. फोटो मागू नका. नोकरीत काढलेला फोटो नौदलाचा असतो. रोल जमा, निगेटिव्ह जमा, प्रिंट अहवालाला जोडलेली. ते योग्यच आहे. लढाऊ जहाजाच्या पाण्याखालच्या अंगाचं चित्र कुणाच्या घरच्या अल्बमात असू नये. त्यामुळे जे पाहिलं ते मला लिहूनच दाखवावं लागणार आहे, आणि ते नीट दाखवायची माझी मनापासून इच्छा आहे. या कामाबद्दल मराठीत फार कमी लिहिलं गेलंय.

पोहायला मी भोरकडे आजोळच्या विहिरीत शिकलो, पाठीला पांगाऱ्याचा बिंडा बांधून. पुण्यात शिकायला आल्यावर डेक्कनचा टिळक तलाव. भरती झाल्यावर ओडिशात आयएनएस चिल्काला सुरुवातीचं प्रशिक्षण, मग जहाज, आणि जहाजावरून डायव्हिंगसाठी नाव दिलं. डायव्हिंग स्कूल कोचीला.

तिथे पाण्यात उतरण्याआधी दोर धरायला शिकवतात. खाली गेलेल्या माणसाच्या कमरेला लाईफलाईन असते आणि तिचं दुसरं टोक वर अटेंडंटच्या हातात. एक लांब ओढ म्हणजे 'ठीक आहेस ना?' खालच्याने तशीच ओढ परत दिली की तो ठीक. चार ओढी म्हणजे 'वर ये'. दोर फार ताणून धरला तर डायव्हरला काम करता येत नाही, फार सैल सोडला तर तो कुठेतरी अडकतो आणि ओढ पोचत नाही. चांगला अटेंडंट दोरावरून सांगतो की खालचा माणूस चालतोय, थांबलाय की धडपडतोय. माझ्या मते डायव्हरची अर्धी पारख तो दोर कसा धरतो यावर होते.

मग मुंबई बंदर. ज्यांनी स्कूबाचे व्हिडिओ पाहिलेत त्यांनी ते सगळं निळं पाणी डोळ्यांसमोरून काढून टाका. खाड्यांतून येणारा गाळ, भरती-ओहोटीने रोज ढवळला जाणारा. मास्कच्या काचेला पंजा टेकवला तरी बोटं दिसायची नाहीत अशी पाण्याची कितीतरी वेळा स्थिती. अशा पाण्यात जहाजाच्या तळाखाली जाऊन तपासणी करायची : तळाला कुणी काही चिकटवलंय का, जहाज ढकलणाऱ्या पंख्याच्या (प्रोपेलरच्या) पात्याची कड वाकलीय का, समुद्राचं पाणी आत ओढणाऱ्या जाळीत काय अडकलंय, पोलादाला गंजापासून वाचवणारे झिंकचे ठोकळे किती झिजलेत. हे सगळं हाताने. वेल्डिंगची शिवण बोटाखाली लागली की कळायचं आपण कुठे आहोत. तळाच्या दोन्ही बाजूंना लांब पट्टीसारखी बिल्ज कील असते, ती आमची वाट. शंख-कालवं चिकटलेली असली की हातमोजे फाटायचे.

त्याआधी वर काय काय होतं तेही सांगतो, कारण त्याच्याशिवाय खाली कुणी जात नाही. पंखे बंद, सुकाणू बंद, सोनार (आवाजाने पाण्यात शोध घेणारं यंत्र) बंद, पाणी ओढणारे पंप बंद, आणि प्रत्येकाच्या चावीवर 'डायव्हर पाण्यात आहे' अशी पाटी. जहाजभर घोषणा. डोलकाठीवर निळा-पांढरा अल्फा झेंडा. स्टँडबाय डायव्हर पूर्ण तयार होऊन जेमिनीत, म्हणजे रबरी होडीत, बसलेला. मगच सुपरवायझर 'उतर' म्हणणार.

आता कॅमेऱ्याचं. मी वर येऊन सांगायचो, 'पात्याची कड अमुक इतकी वाकली आहे, चिरही वाटते.' माझ्या बोटांवर माझा विश्वास होता. पण वर बसलेल्या अभियंत्याला ठरवायचं असतं की जहाज समुद्रात जाऊ द्यायचं की सुक्या गोदीत घ्यायचं. गोदीत घेतलं तर ते तेवढे दिवस कामाबाहेर, आणि जाऊ दिलं आणि पातं तुटलं तर माणसांच्या जिवाशी गाठ. माझ्या बोटांवर तो एवढा मोठा निर्णय कसा घेणार? त्याला स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं होतं.

जिथे स्वतःचा हात दिसत नाही तिथे फोटो कसा काढायचा? उत्तर असं की स्वच्छ पाणी बरोबर घेऊन जायचं. जाड पारदर्शक अॅक्रिलिकची एक पेटी असते, एका तोंडाला अरुंद, दुसऱ्याला रुंद. ती नळाच्या स्वच्छ पाण्याने काठोकाठ भरायची. अरुंद तोंडाशी कॅमेरा, रुंद तोंड जहाजाच्या पोलादावर घट्ट टेकवायचं. बाहेरचं गढूळ पाणी बाजूला राहतं आणि कॅमेरा पेटीतल्या स्वच्छ पाण्यातून पाहतो. एका वेळी मोठ्या ताटाएवढाच भाग येतो. म्हणून पातं पूर्ण दाखवायचं तर मुळापासून टोकापर्यंत पेटी सरकवत जायचं, प्रत्येक फोटोत मोजपट्टी आणि क्रमांक येईल असं बघायचं, आणि मग वर प्रिंट एकमेकींना जोडून अख्खं पातं उभं करायचं. रोलमध्ये ३६ फोटो. पाण्याखाली रोल बदलता येत नाही. त्यामुळे उतरण्याआधी कागदावर पात्याचं चित्र काढून कुठून कुठे जायचं ते ठरवलेलं असायचं.

पहिल्यांदा ती जोडलेली प्रिंट टेबलावर अंथरली तेव्हा मी जे बोटांनी वाचलं होतं ते सगळं डोळ्यांसमोर होतं. चिर होती. मी सांगितली होती तिथेच होती. त्या दिवसापासून कॅमेरा माझ्याकडे आला तो आलाच.

पुढचं हळूहळू लिहितो. काही विचारायचं असेल तर विचारा.

—

मुठाकाठ

वाचतोय. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

एक प्रश्न. पेटीत पाणीच का? रिकामी, हवेने भरलेली पेटी असती तर आणखी स्पष्ट दिसलं असतं ना?

—

खोलपाणी

@मुठाकाठ, प्रश्न आवडला, कारण नवीन मुलं हाच विचारायची. दोन कारणं. पहिलं, हवा वर ओढते. वीस लिटर हवेची पेटी पाण्याखाली वीस किलोच्या जोराने वर जायला बघेल, ती जहाजाच्या तळाशी धरून ठेवताना डायव्हरचाच दम निघेल. पाण्याने भरलेली पेटी पाण्यात जवळजवळ वजनरहित होते.

दुसरं कारण दाब. समुद्रात दर १० मीटरला दाब एका वातावरणाने वाढतो, म्हणजे चौरस सेंटिमीटरला साधारण १ किलो. पेटीची समोरची काच ३० बाय ४० सेंटिमीटर धरा, तर १० मीटरवर तिच्यावर १२०० किलोचा जादा भार. आत हवा असेल तर ती काच आत दबणार. आत पाणी असेल तर दोन्ही बाजूंनी सारखा दाब, काचेला काही होत नाही.

—

वारजेकरीण

काका, किती छान लिहिलंय! माझे आजोबा नौदलात होते, पण इंजिनरूममध्ये. ते सांगायचे की जहाज धक्क्याला असताना पत्र्याच्या पलीकडून टकटक ऐकू आली की समजायचं डायव्हर आलेत. खरंच असं ऐकू येतं?

—

खोलपाणी

@वारजेकरीण, अगदी येतं. पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपटीहून जास्त वेगाने जातो, आणि पोलाद तर आवाज फारच चांगला नेतं. आम्हीही खालून आतली चाहूल ऐकायचो. पण आवाज कुठल्या बाजूने आला ते पाण्याखाली सांगता येत नाही. दोन कानांना पोचण्यातला फरक इतका कमी होतो की मेंदूला दिशा लागत नाही. सगळं चहूबाजूंनी आल्यासारखं वाटतं. तुमच्या आजोबांना माझा नमस्कार सांगा.

—

देवगडी_दर्या

मी देवगडचा, आता हडपसरला. आमच्याकडे भरतीची वेळ तिथीवरून काढतात. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. पंचमीला पावणेचार. नौदलात हे चालतं का, की सगळं पुस्तकावर?

—

खोलपाणी

@देवगडी_दर्या, काम पुस्तकावर चालतं, भरतीची कोष्टकं छापलेली असतात. पण आमच्या टीममध्ये कोकणातली माणसं होती आणि ती कोष्टक उघडायच्या आधी तोंडी वेळ सांगायची. फारसा फरक पडायचा नाही. चंद्र रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा येतो, तुमचा नियम ४५ धरतो, म्हणून तो टिकून आहे.

डायव्हरला मात्र वेळेइतकीच पाण्याची ओढ महत्त्वाची. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला मुंबईत पाणी पाच मीटरपर्यंत चढतं-उतरतं. त्या ओढीत तळाखाली हात टेकून राहणंच कठीण. म्हणून फोटोचं काम आम्ही शक्यतो अष्टमीच्या आसपास, भांगाच्या, म्हणजे कमी चढ-उताराच्या, पाण्यात ठेवायचो. आणि त्यातही भरती पूर्ण होऊन पाणी थांबतं तो थोडा वेळ. भरतीबरोबर बाहेरच्या समुद्राचं थोडं स्वच्छ पाणी आत आलेलं असतं. ओहोटी लागली की खाडीचा गाळ परत सुरू.

—

रोलफिल्म

वा! धागा मनापासून आवडला. मी फोटोग्राफी शिकवतो, लॉ कॉलेज रोडला राहतो. अंदाज करतो, निकोनॉस होता का? मूळ कॅमेरा कॅलिप्सो, समुद्रसंशोधक जाक कूस्तो आणि अभियंता जाँ द वुटर्स यांच्या डोक्यातून निघालेला. मग निकॉनने तो १९६३ पासून निकोनॉस नावाने बनवला आणि २००१ पर्यंत ती मालिका चालली. वेगळ्या डब्यात न घालता तो तसाच पाण्यात नेता यायचा, ही त्याची कमाल. त्यात लेन्समधून पाहायची सोय नव्हती, मग तुम्ही फोकस कसा करायचात?

आणि आजच्या डिजिटल कॅमेऱ्यात पाण्याखाली गेलेला लाल रंग नंतर संगणकावर परत आणता येतो. तुमच्या वेळी हे असतं तर काम किती सोपं झालं असतं, नाही का?

—

खोलपाणी

@रोलफिल्म सर, बरोबर ओळखलंत. निकोनॉसच.

फोकसचं असं. सपाट काचेतून पाण्यात पाहिलं की वस्तू एक चतुर्थांश जवळ आणि एक तृतीयांश मोठी दिसते. चार फुटांवरची वस्तू तीन फुटांवर भासते. पण सपाट काचेमागची लेन्सही त्याच पद्धतीने फसते, म्हणून मास्कमधून डोळ्याला जेवढं अंतर वाटतं तेवढंच लेन्सवर लावायचं. मोजपट्टीने खरं अंतर मोजून लावणाऱ्याचा फोटो धूसर यायचा.

गढूळ पाण्यात तर अंदाजालाही वाव नाही. तिथे लेन्सपुढे जोडलेली तारेची चौकट असायची. चौकट वस्तूला टेकली की फोकस बरोबर. डोळे मिटूनही करता येईल असं काम, आणि आमच्या पाण्यात डोळे उघडे असले तरी तेच.

फ्लॅश लेन्सच्या जवळ धरला तर पाण्यातल्या गाळाचा प्रत्येक कण उजळतो आणि फोटोत नुसतं पांढरं वादळ येतं. म्हणून फ्लॅश लांब दांड्यावर, तिरका. प्रकाश वस्तूवर पडावा, मधल्या पाण्यावर कमीत कमी पडावा. पाण्याखालच्या फोटोचं पहिलं सूत्र हेच की मधलं पाणी कमी करा. जवळ जा, मग आणखी जवळ जा.

रंगाबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. लाल रंग पहिल्या पाचेक मीटरमध्येच बराचसा जातो, मग नारिंगी, मग पिवळा. वीस-तीस मीटरवर बोट कापलं तर रक्त हिरवट-काळं दिसतं. उथळ पाण्यात थोडा लाल उरलेला असतो, तो संगणकावर वाढवता येतो हे खरं. पण जो प्रकाश वस्तूपर्यंत पोचलाच नाही तो संगणक कुठून आणणार? तो रंग भरेल, पण ती त्याची कल्पना. प्रदर्शनाला हरकत नाही. अहवालात लालसर गंज आणि तपकिरी रंगाचा थर यात फरक करायचा असतो, तिथे दिवा बरोबर नेल्याशिवाय इलाज नाही. आजही नाही.

—

रोलफिल्म

पटलं. पुढच्या वर्गात हे उदाहरण देणार आहे, तुमच्या परवानगीने.

—

औंधची_डॉक्टर

खूप मोलाचा धागा. डॉक्टर म्हणून थोडं लिहिते, कारण पुण्यातून दर सुट्टीत कितीतरी कुटुंबं तारकर्ली-मालवणला स्कूबाला जातात.

दाबाखाली श्वास घेतला की हवेतला नायट्रोजन रक्तात आणि पेशींत जास्त विरघळतो. वर येताना दाब घटतो आणि तो बाहेर पडू लागतो. हळू आलं तर फुप्फुसावाटे निघून जातो, घाईने आलं तर बुडबुडे होतात : सांधे दुखणं, बधिरपणा, वाईट झालं तर लकवा. टप्प्याटप्प्याने वर यायची शास्त्रीय कोष्टकं जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी ब्रिटिश नौदलासाठी शेळ्यांवर प्रयोग करून तयार केली, ती १९०८ मध्ये प्रसिद्ध झाली. आजच्या कोष्टकांचा पाया तोच. उपचार म्हणजे रुग्णाला पुन्हा दाबाच्या कोठडीत घालून ऑक्सिजन देणं. नेहमीच्या एका कोष्टकात १८ मीटरच्या दाबापासून सुरुवात होते आणि पाचेक तास लागतात.

पुणेकरांसाठी मुद्दा असा की डायव्हिंगनंतर लगेच उंचावर जाणं म्हणजे आणखी दाब घटवणं. विमान तर टाळायचंच. पण आपण मालवणहून परत येताना आंबोली, फोंडा नाहीतर गगनबावडा घाट चढतो, आणि आपलं पुणंही समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे. खोल किंवा लागोपाठ डाइव्ह केल्या असतील तर ती रात्र खालीच काढा.

—

सिंहगडरोड_७

@औंधची_डॉक्टर, आम्ही तर सकाळी स्कूबा करून दुपारी आंबोलीमार्गे निघालो होतो. काहीच झालं नाही. उगाच घाबरवू नये असं वाटतं.

—

औंधची_डॉक्टर

@सिंहगडरोड_७, पर्यटकांची डाइव्ह बहुधा सात-आठ मीटरच्या आत आणि थोड्या मिनिटांची असते, तिच्यात नायट्रोजनचा धोका फारच कमी. म्हणून तुम्हाला काही झालं नाही, आणि त्याचा आनंदच आहे. पण आता पुण्यातली बरीच मुलं रीतसर कोर्स करून खोल जातात, त्यांच्यासाठी लिहिलं.

उथळ पाण्यातला खरा धोका वेगळा आहे, आणि तो प्रत्येकाने लक्षात ठेवावा : सिलिंडरची हवा घेतल्यावर वर येताना श्वास कधीही रोखू नका. १० मीटरवर भरलेलं फुप्फुस वर येईपर्यंत दुप्पट व्हायला बघतं. दीड मीटरवरूनसुद्धा श्वास रोखून वर आल्यामुळे फुप्फुस फाटू शकतं. दमा, सर्दी, कानाचं दुखणं असेल तर प्रशिक्षकापासून लपवू नका. पैसे भरलेत म्हणून उतरू नका.

—

खोलपाणी

डॉक्टरांच्या शब्दाशब्दाशी सहमत. त्यात भर एवढीच की आपल्या धरणांत डाइव्ह करताना समुद्राचं कोष्टक जसंच्या तसं चालत नाही. तीनशे मीटरच्या वर हवेचा दाबच कमी असतो, म्हणून कोष्टकात दुरुस्ती करावी लागते. पानशेत, पवना, मुळशी सगळी त्याच्या वर आहेत. आणि गोड्या पाण्यात अंग कमी तरंगतं, कमरेच्या पट्ट्यातलं शिसं दोन-तीन किलोने कमी करावं लागतं. समुद्रातून थेट धरणात आलेला माणूस हे विसरला तर तळाला जाऊन बसतो.

—

धायरीची_शिक्षिका

काका, एक विचारू का? आमच्या शाळेतल्या एका मुलाचा भाऊ खडकवासल्याच्या मागच्या पाण्यात बुडाला होता. त्याला शोधायला वेळ लागला. लोक काठावरून खूप बोलत होते, 'एवढे लोक उतरलेत आणि सापडत कसा नाही' असं. तुम्ही असं काम केलंय का? नको वाटत असेल तर उत्तर देऊ नका.

—

खोलपाणी

@धायरीची_शिक्षिका, उत्तर द्यायला हवं असा प्रश्न आहे.

हो, केलंय. मुलकी प्रशासनाने मदत मागितली की नौदलाच्या टीम धरणांवर, नद्यांवर जातात. २०१९ च्या सांगली-कोल्हापूरच्या पुरात तुम्ही त्यांना टीव्हीवर पाहिलं असेल. माझ्या वाट्याला शोधाची कामं जास्त आली.

धरणाचा तळ सपाट नसतो. बुडालेल्या शेतांचे बांध, झाडांची खुंटं, विहिरी, कधी घरांच्या भिंती, मासेमारीची तुटलेली जाळी. वरचं पाणी कोमट आणि काही मीटर खाली गेलं की एकदम थंडगार थर लागतो. तळाला हात लागला की गाळ उठतो आणि उरलासुरला उजेड जातो. मग शोध कसा करायचा? दोन वजनं ठेवून तळावर एक दोर ताणायचा. एक हात दोरावर, दुसरा हात पसरून तळ चाचपत दोराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायचं. मग दोर हातभर सरकवायचा आणि परत. भराभर केलं तर मधला पट्टा सुटतो. आणि सुटलेला पट्टा कुठला ते कुणालाच कळत नाही. काठावरच्या लोकांना तासन् तास काही होत नाहीये असं वाटतं, कारण त्यांना फक्त बुडबुडे दिसतात.

बुडताना शेवटचं कुठे पाहिलं ही जागा ज्याने पाहिली त्याच्याकडून लगेच, काठावरची दोन खुणेची झाडं एका रेषेत धरून नक्की करून घ्या. हे मी सगळ्यांनाच सांगतो. 'तिकडे मध्यभागी' या उत्तराने एक दिवस वाढतो. आणि ओळखीचा माणूस बुडतोय म्हणून पोहता न येणाऱ्याने उडी घेऊ नये. दोर, ओढणी, बांबू, रिकामा बंद कॅन, जे असेल ते फेका.

एका धरणावर एका मुलाचे वडील सकाळपासून आमच्या जेमिनीजवळ उभे होते. कुणी त्यांना चहा दिला तो हातातच गार झाला. मी दोनदा वर आलो, आणि दोन्ही वेळा त्यांनी काहीच विचारलं नाही, फक्त माझ्या हातांकडे पाहिलं. तिसऱ्यांदा माझ्या हाताला शर्टाची बाही लागली. अशा वेळी काय करायचं हे कुठल्याच कोर्समध्ये फारसं शिकवत नाहीत. मी त्या मुलाचा हात हातात घेतला आणि दोराला खूण दिली. वर आणताना आम्ही त्याला चादरीत नीट घेतलं, चेहरा झाकला, आणि मगच काठाकडे वळलो. काठावर लोक मोबाईल वर धरून उभे होते. सुपरवायझरने जेमिनी आडवी घालून त्यांची नजर अडवली.

माझ्या गळ्यात त्या दिवशीही कॅमेरा होता, पंचनाम्यासाठी लागला तर. लागला नाही, मी काढला नाही. जहाजाच्या पात्याचा फोटो काढायचा तर कुणालातरी त्यावरून निर्णय घ्यायचा असतो. इथे फोटोने कुणाचं काय भलं होणार होतं? ज्यांना गरज नाही त्यांच्यासाठी मृत माणसाचा फोटो काढायचा नाही, हे मी तेव्हापासून पाळलं आणि हाताखालच्या प्रत्येकाला पाळायला लावलं. आज मोबाईल सगळ्यांकडे आहे म्हणून मुद्दाम लिहितोय. काठावर असाल तर फोन खिशात ठेवा, आणि दुसऱ्यालाही ठेवायला सांगा.

—

धायरीची_शिक्षिका

धन्यवाद काका. मी हे त्या घरी वाचून दाखवीन. त्यांना इतके दिवस वाटत होतं की शोधणाऱ्यांनी मनावर घेतलं नाही.

—

मुठाकाठ

वाचून थांबलो. खुणेच्या झाडांचं लक्षात ठेवीन.

—

पलूसकर_पुण्यात

२०१८ ची थायलंडची गुहा आठवली, पाणी भरल्याने मुलं आत अडकली होती ती. आमच्या भागाला तिचा अभिमान आहे, कारण पाणी उपसण्याच्या कामात आमच्या पलूसजवळच्या किर्लोस्करवाडीच्या किर्लोस्करांचे तंत्रज्ञ तिथे होते. सगळ्या बातम्यांत डायव्हर दिसले, पण पाणी खाली ठेवणारे पंपही होतेच.

—

खोलपाणी

@पलूसकर_पुण्यात, रास्त अभिमान. पाण्याची पातळी उतरली नसती तर त्या मुलांना तसं बाहेर आणणं फार कठीण होतं. तिथे थाई नौदलाचे माजी डायव्हर समन गुनान हवेची सिलिंडरं आत ठेवून परतताना गेले. नौदल सोडलेला माणूस, स्वयंसेवक म्हणून आला. आम्ही डायव्हर मंडळी त्यांचं नाव विसरत नाही.

—

कर्वेनगर_कट्टा

सिंधुरक्षक पाणबुडीच्या अपघाताच्या वेळी तुम्ही होतात का?

—

खोलपाणी

@कर्वेनगर_कट्टा, नाही, तोवर मी निवृत्त झालो होतो. १४ ऑगस्ट २०१३ ला मुंबईच्या गोदीत स्फोट झाला, पाणबुडीतले अठराही जण गेले. उष्णतेने वाकलेली दारं, आत तापलेलं पाणी, तेल, पूर्ण अंधार, अशा जागेत डायव्हर गेले. मी तिथे नव्हतो, म्हणून त्यांच्या वतीने यापुढे काही लिहिणार नाही.

—

अकरावी_सायन्स

काका, मला नौदलात डायव्हर व्हायचंय. मी मुलगी आहे, तळजाईला रोज पळते आणि पोहणंही चांगलं आहे. कुठून सुरुवात करू?

—

खोलपाणी

@अकरावी_सायन्स, तुझं मनापासून कौतुक. महिला अग्निवीरांची पहिली तुकडी चिल्काहून २०२३ मध्ये बाहेर पडली. अधिकारी व्हायचं तर आपल्या खडकवासल्याच्या एनडीएतही मुली २०२२ पासून आहेत. कुठल्या शाखेत सध्या काय खुलं आहे ते दरवेळच्या जाहिरातीत नीट वाच, ऐकीव माहितीवर जाऊ नकोस.

पोहण्याचा वेग फार महत्त्वाचा नाही. पाण्यात शांत राहता येतं का ते बघ. मास्कमध्ये पाणी शिरलं तर घाई न करता ते काढता आलं पाहिजे. भौतिकशास्त्रातला बॉइलचा नियम (दाब घटला की हवा त्याच प्रमाणात फुगते) नुसता पाठ करू नकोस, त्याची गणितं सोडव. डॉक्टरांनी वर फुप्फुसाबद्दल लिहिलेलं त्या एका नियमात आहे, नायट्रोजन विरघळण्याचं हेन्रीच्या नियमात. श्वास रोखून पाण्याखाली राहण्याच्या शर्यती मात्र एकटीने कधीही करायच्या नाहीत, तलावातसुद्धा. चांगले पोहणारेच त्यात बेशुद्ध होतात.

पुढे संधी मोठी आहे. पाणबुडीतल्या माणसांच्या बचावासाठी आपल्याकडे १९७१ मध्ये सोव्हिएत बनावटीचं निस्तार आलं होतं. त्याच नावाचं, विशाखापट्टणमला हिंदुस्तान शिपयार्डने बांधलेलं नवं डायव्हिंग सपोर्ट जहाज जुलै २०२५ मध्ये दाखल झालंय. तू तयार होशील तेव्हा त्याच्यावर माणसं लागतीलच.

—

पवनाथडी

उशिरा आलो, एका दमात वाचलं. मी महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवतो. आम्ही मुलांना घेऊन पवनेच्या आणि मुळेच्या काठच्या शंख-शिंपल्यांची नोंद करतो. पाणी इतकं गढूळ की फोटो कधीच येत नाहीत, बाहेर काढून ठेवले की ते शिंपले मिटतात आणि खडकावर कसे बसले होते ते कळत नाही. तुमची ती स्वच्छ पाण्याची पेटी गुडघाभर पाण्यात आम्हाला करता येईल का?

—

खोलपाणी

@पवनाथडी, का नाही! इतका आनंद झाला की लगेच लिहितोय.

आमच्या पेटीसारख्या जाड अॅक्रिलिकची गरज नाही, गुडघाभर पाण्याला पाच मिलिमीटर अॅक्रिलिक पुरे. रुंद तोंड वीस बाय पंधरा सेंटिमीटर ठेवा. पेटीची लांबी तुमचा मोबाईल किंवा छोटा कॅमेरा किती जवळून फोकस करतो त्यावर ठरवा, आधी हवेत मोजून घ्या आणि त्यात तिसरा हिस्सा वाढवा, कारण पाण्यातून सगळं जवळ भासतं. समोरची बाजूही अॅक्रिलिकने बंदच हवी, उघडी ठेवली तर नदीचं पाणी आत शिरेल. त्या काचेच्या कडेला बाहेरून मऊ रबराची पट्टी लावा, म्हणजे खडकावर टेकवल्यावर फटीतून गाळ येणार नाही आणि शिंपल्यालाही इजा नाही. पेटीत उकळून गार केलेलं पाणी भरा. नळाचं थेट भरलंत तर थोड्या वेळात काचेला आतून हवेचे बारीक बुडबुडे चिकटतात आणि फोटोत ठिपके येतात. टॉर्च दोन्ही बाजूंनी, काचेला तिरके, समोरून नाही. आत एका कडेला मोजपट्टी चिकटवून टाका, दरवेळी ठेवायला नको.

पावसाळा संपून पाणी जरा बसलं की काम सुरू करा, पण धरणातून पाणी सोडणार आहेत का याची चौकशी केल्याशिवाय मुलांना नदीत उतरवू नका. पेटी झाली की कळवा, मी येतो. आणि हे फोटो तुमचे असतील, तेव्हा या धाग्यावर नक्की टाका.